थंडीचे तीन महिने आणि भिवंडीची सायकल

भिवंडीची थंडी लहान असते. नोव्हेंबरच्या मध्याला उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू होतो, पहाटेचा पारा पंधरा-अठरा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी आणखी खाली जातो. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उलटला की दुपारी पंखा पुन्हा फुल होतो. म्हणजे जेमतेम तीन महिने. बाकीच्या वर्षात घराबाहेर पडून अंग हलवणं सोपं नसतं. जून ते सप्टेंबर पाऊस आणि खड्डे, ऑक्टोबरची तलखी, मार्चपासून खाडीकडची दमट हवा. ज्याला सायकलवर पुन्हा बसायचं आहे, किंवा पहिल्यांदाच बसायचं आहे, त्याने हे तीन महिने पकडावेत.

आणि तीन महिने पुरतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती काळ लागतो हे मोजलं. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ दिवस लागले असते असा हिशोब आला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्या पाहणीत दिसलं. दिवाळीनंतर सुरुवात केली तर संक्रांतीच्या पुढेमागे सायकल अंगवळणी पडायला हरकत नाही.

भिवंडीत सायकल नवी आणायची गरज नाही, ती इथे आहेच. नारपोली, शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगरच्या गल्ल्यांमधून पाव घेऊन फिरणारा, कारखान्या-कारखान्यांत किटली पोचवणारा, पाळी संपवून घरी निघालेला कामगार, यांच्याकडे ती वर्षानुवर्षं आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांनी आपल्याकडे सायकल असल्याचं सांगितलं होतं. ज्या घरांतून सायकल गेली, ती मोटारसायकल आल्यावर गेली. शहरात सायकल म्हणजे ऐपत नसल्याची खूण, असा समज रुजला आणि तो समजच भिवंडीकरांच्या तब्येतीला महागात पडला आहे. दीड किलोमीटरवरच्या किराणा दुकानात जायला स्कूटर काढणाऱ्या घरात मधुमेहाच्या गोळ्यांचा डबाही असतो.

बैठ्या कामाचा हृदयावर काय परिणाम होतो, याचा पहिला ठोस पुरावा बसमधून आला. लंडनच्या बसगाड्यांमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की दिवसभर सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. गाडी तीच, रस्ता तोच, पाळीही तीच. फरक पायांच्या हालचालीचा. भिवंडीत हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. कारखान्याच्या पेढीवर हिशोब लिहिणारा, गोदामात संगणकासमोर बसणारा सुपरवायझर, नाशिक महामार्गावर सोळा चाकी ट्रक हाकणारा चालक, हे सगळे मॉरिसच्या ड्रायव्हरांच्या रांगेत बसतात.

सायकलवर थेट काम झालं ते अलीकडे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची माहिती तपासली आणि २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. गाडीने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांचा त्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी होता. अशा अभ्यासातून सायकलनेच सगळं घडलं असं सिद्ध होत नाही, कारण सायकल चालवणारी माणसं मुळातच थोडी धडधाकट असू शकतात. वय, सिगारेट, आहार, आधीचे आजार हे संशोधकांनी हिशोबात धरले आणि तरीही फरक उरला, हे महत्त्वाचं.

मनाच्या बाबतीतला पुरावा तर आणखी लक्ष देण्याजोगा आहे. २०२४ साली एडिंबरा विद्यापीठाच्या अभ्यासात स्कॉटलंडमधल्या पावणेचार लाखांहून अधिक लोकांची नोंद पाहिली गेली. सायकलने कामावर जाणाऱ्यांना पुढच्या पाच वर्षांत नैराश्य किंवा चिंतेसाठी औषधं लिहून दिली जाण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं. आधीच आनंदी असलेले लोकच सायकलवर बसत असतील, ही शंका दूर करण्यासाठी संशोधकांनी सायकलमार्गाच्या जवळ राहणारे आणि दूर राहणारे अशी तुलना केली. स्कॉटलंडचा हिवाळा आठवावा. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधार पडतो, पाऊस आणि वारा असतो, तरीही हा फायदा टिकला. आपल्याकडे त्याच महिन्यात आठ वाजता कोवळं ऊन आणि निरभ्र आकाश असतं. आपल्याकडे नाही तो सायकलमार्ग. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीत रस्ता नव्याने काँक्रीटचा होताना सायकलसाठी दोन मीटरची पट्टी मागणं ही आरोग्याचीच मागणी आहे, आणि नागरिकांनी ती वॉर्डाच्या बैठकीत मांडायला हवी.

आता पहिल्या अडचणीकडे. हवा.

हिवाळ्यात भिवंडीची हवा जड असते. यंत्रमागांची कस्पटं, रस्त्याची धूळ, ट्रकचा धूर, कोपऱ्याकोपऱ्यावर जाळला जाणारा कचरा, हे वर्षभरच असतं. थंडीत त्यात भर पडते ती वातावरणाची. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर जाऊ शकत नाही, जमिनीलगत साठून राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण निघतं आणि हवा वर-खाली मिसळू लागते. म्हणून ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही कल्पना हिवाळ्यातल्या औद्योगिक शहराला लागू पडत नाही. पाच वाजता महामार्गाला लागून सायकल दामटणारा माणूस दिवसातली सगळ्यात वाईट हवा फुप्फुसात भरून घेत असू शकतो.

मग सायकल चालवूच नये का? याचं उत्तर आकड्यांत आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या मार्को टैनिओ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा एकाच तराजूत घातले. हवेतले पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील, तर रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात फायदा तोट्यापेक्षा जास्त राहतो. दीड तासानंतर पारडं फिरतं. हवा याहून बरी असेल तर मुभा वाढते. थोडक्यात, भिवंडीत रोज अर्धा-पाऊण तास सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाने हवेच्या भीतीने घरात बसण्याचं कारण बहुतेक दिवशी नसतं. ज्याला दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार आहे त्याला मात्र हा हिशोब लागू नाही. त्याची मर्यादा त्याच्या डॉक्टरने ठरवावी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे मोफत ॲप फोनवर ठेवावं आणि निघण्याआधी जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक बघावा. शंभरच्या आत असेल तर बिनधास्त निघावं. १०१ ते २०० या टप्प्यात फेरी अर्ध्या तासावर आणावी आणि जोर लावू नये. २०१ ते ३०० असेल तर त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निर्देशांक पाहावा, किंवा घरातच सूर्यनमस्कार घालावेत. तीनशेच्या वर असेल तर कुणीच जोराचा व्यायाम बाहेर करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल कस्पटं अडवतो, सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ मास्क ते अडवतो, पण त्यातून श्वास घ्यायला कष्ट पडतात. तो लावायचा तर चाल हळू ठेवावी.

वेळेचं गणित यावरून जमतं. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सव्वासातला उगवतो. साडेसातच्या सुमाराला निघालं की उजेड असतो, गारवा असतो आणि हवा सुटायला लागलेली असते. ज्यांची कामाची वेळ त्याआधीची आहे त्यांनी संध्याकाळ धरावी, पण डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून पाचलाच बाहेर पडावं. ज्यांना अंधारातच जावं लागतं, त्यांच्यासाठी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ही चैन नसून जीव वाचवणारी वस्तू आहे. सायकलच्या दुकानात चार्जिंगवर चालणारे दिवे मिळतात. ते घ्यावेत आणि पायडलच्या कडेला, मडगार्डवर चमकणारी पट्टी चिकटवावी.

दुसरी अडचण ट्रकची, आणि भिवंडीत ती हवेहूनही मोठी आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, वळ या पट्ट्यात गोदामं शेकड्यांनी उभी आहेत आणि त्यांच्याकडे येणारे कंटेनर चाळीस-चाळीस फुटी आहेत. लांब ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून, कोपरा कापत येतात. त्या आतल्या बाजूला सायकलवाला असेल तर चालकाला तो दिसतही नाही. म्हणून एक नियम घरातल्या प्रत्येक सायकलस्वाराने पाठ करावा: थांबलेल्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसायचं नाही. मागेच थांबायचं. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, असं समजायचं. गोदामाच्या फाटकासमोरून जाताना वेग कमी ठेवायचा, कारण बाहेर येणाऱ्या गाडीचं तोंड आधी रस्त्यावर येतं आणि चालकाची नजर नंतर.

कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मागांच्या खडखडाटाने कान मंदावतात, हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. असा कामगार मागून येणाऱ्या गाडीचा आवाज उशिरा ऐकतो. हँडलच्या उजव्या टोकाला लावायचा छोटा आरसा त्याने जरूर घ्यावा. आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवणाऱ्या तरुणाने लक्षात घ्यावं की काका-वडिलांचं जे ऐकणं मागावर मंदावलं, तेच तो हौसेने बंद करून ठेवतो आहे.

याच कामगारांच्या छातीबद्दलही. कापसाच्या सूक्ष्म धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणं, ही त्याची जुनी, ओळखीची खूण. अशी खूण असलेल्याने आधी फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी आणि मगच सायकलचा जोर वाढवावा. बारा-बारा तास उभं राहून घरी आलेल्या माणसाला ‘व्यायाम करा’ असं सांगणं हे त्याच्या थकव्याकडे डोळेझाक करणं आहे. त्याच्यासाठी सायकल म्हणजे कामावर जायचं साधन एवढंच पुरे. त्याला हवी आहे ती नीट चालणारी सायकल, कारखान्याच्या दाराशी ती ठेवायला जागा आणि घरी पुरेशी झोप. मालकांनी आवारात सायकलसाठी एक छप्पर उभारलं तर त्याचा खर्च फार येत नाही.

रस्ता कुठला निवडायचा? शहरातल्या शहरात सुरुवात करायची तर वऱ्हाळा तलावाचा परिसर बरा. कामतघरजवळच्या या तलावाच्या काठावर सकाळी चालणारेही असतात, त्यामुळे सायकल हळूच चालवावी लागते, आणि पहिल्या आठवड्याला तेच योग्य आहे. महामार्ग किंवा मोठ्या नाक्यापासून काहीशे मीटर आत गेलं तरी धुराचं प्रमाण लक्षणीय उतरतं. त्यामुळे कल्याण नाका आणि अंजूरफाट्याच्या मुख्य रस्त्याला समांतर जाणारी आतली वाट लांब पडली तरी तीच घ्यावी.

थोडा जम बसला की अंजूर गावाकडे जावं. वसईच्या मोहिमेत मोलाची कामगिरी केलेल्या गंगाजी नाईक अंजूरकरांचं हे गाव. नाईकांचा जुना वाडा इथे आहे आणि पुढे खाडीकाठच्या गावांमधून रस्ता जातो. भाताची कापणी झालेली असते, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, ओलीवर वाल पेरलेला असतो. आगरी गावांमधला हा पट्टा डिसेंबर-जानेवारीत पाहावा. मात्र गोदामांचा विस्तार इथेही पोचला आहे, त्यामुळे रविवारची सकाळ जास्त सोयीची.

रविवारसाठीच दुसरी वाट लोनाडची. नाशिक महामार्गावरून सोनाळ्याजवळ आत वळलं की दहा-बारा किलोमीटरच्या अंतरात माणूस वेगळ्याच काळात पोचतो. टेकडीत कोरलेलं बौद्ध लेणं आहे, शिलाहार काळातलं शिवमंदिर आहे, आणि जवळच्या चौधरपाड्यात तेराव्या शतकातला, शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला शिलालेख सापडला आहे. इतकं सगळं शहराच्या उशाला असून किती भिवंडीकरांनी पाहिलं असेल? महामार्गाचा तुकडा टाळता येत नसेल तर तिथे सेवारस्ता वापरावा आणि दोघातिघांनी एकामागे एक जावं. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाण्याची जागा ती नव्हे.

भातसा नदीवरचं पिसे धरणही तालुक्यातच आहे. मुंबईला जाणारं पाणी पिसे-पांजरापूरच्या केंद्रांतून जातं. हिवाळ्यात पाण्याच्या काठाला स्थलांतरित पक्षी येतात, शेपटी वरखाली हलवत पळणारे पांढरे धोबी तर कुणालाही ओळखता येतात. दुर्बीण असेल तर पिशवीत टाकावी. सायकलवरून पक्षी पाहणं पायी पाहण्याइतकंच सोपं असतं, कारण सायकलचा आवाज होत नाही. याच बाजूला आमणे आहे, जिथे समृद्धी महामार्ग येऊन संपतो. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावर दुचाकीला आणि सायकलला बंदी आहे. गुळगुळीत रस्ता बघून मोह होईल, पण तो मोह आवरावा.

आणि मोठी फेरी म्हणजे वज्रेश्वरी. सुमारे २५ किलोमीटर. भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत जाऊन पुढे वळायचं. वाटेत दुगाडचा भाग लागतो. तिथेच डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांशी लढताना मराठा सेनानी रामचंद्र गणेश कानडे पडले. वर गुमतारा किल्ला दिसत राहतो. १७३९ साली वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला उभारलेलं वज्रेश्वरीचं मंदिर, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं, तानसा नदीचा काठ. हिवाळी सहलीला याहून चांगलं काय हवं? पण हा रस्ता खड्ड्यांसाठी आणि अवजड वाहनांसाठी बदनाम आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. महिनाभराचा सराव नसलेल्याने, एकट्याने आणि हेल्मेटशिवाय या वाटेला जाऊ नये. पोचल्यावर घामेजलेल्या अंगाने लगेच कुंडात उतरू नये. व्यायामाने आधीच रुंदावलेल्या रक्तवाहिन्या गरम पाण्यात आणखी सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. पंधरा-वीस मिनिटं बसावं, पाणी प्यावं, मग उतरावं. परतीचा प्रवास झेपेल असं वाटत नसेल तर सायकल टेम्पोत टाकून यायला संकोच करू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने खालची मर्यादा पूर्ण होते. बाजारात जाऊन येणं, मुलाला शिकवणीला सोडणं, भिवंडी रोड स्टेशन गाठणं, हेही त्यात धरता येतं. दम मध्यम आहे की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही: बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम दम. चढावर बोलणंही तुटायला लागलं तर गिअर हलका करावा किंवा उतरून चालावं. सायकलमुळे गुडघ्यांवर शरीराचा भार येत नाही, म्हणून वजन जास्त असलेल्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना ती धावण्यापेक्षा मानवते. याच कारणाने हाडांच्या बळकटीसाठी ती अपुरी आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी सायकलबरोबर आठवड्यातून दोनदा उठाबशा, जिने चढणं किंवा वजन उचलण्याचे व्यायाम जोडावेत.

गुडघे दुखण्याचं सर्वांत मोठं कारण चुकीची सीट. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल तळाला न्यावं. गुडघा सरळ झाला तर उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलकी वाक राहते. बहुतेक भिवंडीकर सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे छातीकडे येतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं वाटतं. एक चवडा टेकला तरी पुरे. सीझन सुरू होण्याआधी एकदा ओव्हरहॉलिंग करून घ्यावं, ब्रेकचे रबर बदलावेत, आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. कमी हवेची सायकल ओढायला जास्त जोर लागतो आणि नवशिक्याला वाटतं की दम आपलाच कमी आहे. कस्पटांच्या गल्लीतून जाणाऱ्या चेनवर धागे गुंडाळतात. आठवड्यातून एकदा फडक्याने पुसून दोन थेंब तेल.

थंडीच्या सकाळी पहिली दहा मिनिटं हळू. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसते, म्हणून दम्याच्या रुग्णाने नाकावरून मफलर घ्यावा, इनहेलर खिशात ठेवावा आणि तो फेरीआधी घ्यायचा का हे डॉक्टरला विचारून ठरवावं. थंडीत रक्तदाबही चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने, चाळिशीपुढच्या मधुमेह्याने आणि छातीत कधी दुखलेल्याने सुरुवातीआधी तपासणी करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोज ठेवावं आणि रिकाम्या पोटी लांब जाऊ नये. अंगावर जाड स्वेटर नको. सुती बनियनवर पातळ जाकीट घातलं की गरम झाल्यावर काढता येतं. कान मात्र झाकावेत. आणि तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये, थंडीत घाम दिसत नाही एवढंच, तो जातो.

उन्हाबद्दल एक गैरसमज दूर करावा. सकाळचं कोवळं ऊन ‘ड’ जीवनसत्त्व देतं असं सगळीकडे सांगतात. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य बराच वर असतानाच जमिनीवर पुरेसे पोचतात. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. भिवंडीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी असं फक्त साडेअकरा ते दीड या वेळात घडतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं हात उघडे ठेवून सायकलवरून चक्कर मारणं हाडांना सकाळच्या फेरीपेक्षा उपयोगी. सकाळचा उजेड दुसऱ्या कामाचा आहे. तो डोळ्यांत गेल्याने शरीराचं घड्याळ जुळतं, रात्री झोप वेळेवर येते. रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र तो टाळावा, नाहीतर घरी जाऊन झोप लागणार नाही.

बायका आणि मुलींसाठी शहर अजून अवघड आहे. मैदानावर, ओळखीच्या चौघीजणींनी मिळून, रविवारी सकाळी शिकणं हा मार्ग अनेक ठिकाणी चालला आहे. मधला दांडा खाली असलेली सायकल साडीवर, सलवारवर, बुरख्यावरही चालवता येते. फक्त चेनवर कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी, म्हणजे कापड अडकत नाही. आईने सायकल शिकलेल्या घरात मुलीला सायकल मागावी लागत नाही.

मोठेपणी सायकल हाती घेऊन कुठवर जाता येतं, याचं उदाहरण नाशिक महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. दवाखाना सांभाळून सराव करत त्यांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पार केली. डॉक्टरी करणाऱ्या माणसांकडे वेळ होता असं नाही म्हणता येणार, पण त्यांनी तो काढला. वाचकाला अमेरिका ओलांडायची नाही. त्याला अर्धा तास काढायचा आहे, आणि तो सकाळच्या फोनमधून निघू शकतो.

फेब्रुवारी संपत आला की वेळापत्रक बदलावं. मार्चअखेर सूर्य साडेसहालाच उगवतो, तेव्हा फेरी त्याच सुमाराला सुरू करून आठच्या आत घरी यावं, पाण्याची बाटली एकाऐवजी दोन घ्यावी आणि दुपारच्या फेऱ्या थांबवाव्यात. पाऊस सुरू झाल्यावर पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, म्हणून जूननंतर फक्त ओळखीच्या, जवळच्या रस्त्यांवरच सायकल न्यावी. भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तेल लावावं, म्हणजे दिवाळीनंतर दुकानात न्यायची वेळ आली तर काम ब्रेकच्या रबरावरच भागेल.